साडेसहाच्या उड्या

वालचंदनगर
४ ऑगस्ट २०२५

आदरणीय अप्पा,

सलाम. मी इफ्फत, वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या अय्युब यांची मुलगी. तुम्ही मला शेवटचं पाहिलं तेव्हा मी सहा वर्षांची होते आणि तुमच्या टोमॅटोच्या काट्यावर बसून रडत होते, असं अब्बा सांगतात. रडण्याबद्दल माझ्याकडे पुरावा नाही. वजन एकोणीस किलो होतं, ते अब्बांनी लिहून ठेवलं आहे.

आता कामाचं. 'हला की जरा' ही लहान मुलांची मालिका रविवार सोडून रोज संध्याकाळी साडेसहाला लागते. बावीस मिनिटं असते. पिवळ्या बुटांतली चपळाबाई मुलांना उड्या मारायला, लंगडी घालायला, भाजी खायला सांगते. मालिका बघून मुलं खरंच हलतात की नुसती बसून बघतात, हे मोजायचं काम माझ्याकडे आहे. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतली सहा गावं निवडली आहेत. कोऱ्हाळे बुद्रुक हे त्यातलं एक, आणि शाळा समितीचे अध्यक्ष म्हणून तुमचं नाव अब्बांनी सुचवलं.

उद्याच्या एसटीने एक करडं खोकं येईल. त्यात चोवीस पट्टे आणि एक पांढरी डबी आहे. चोवीस मुलांनी पट्टे दिवसरात्र घालायचे. कोण किती चाललं, किती वेळ आडवं पडलं, किती उड्या मारल्या, हे पट्टा मोजतो. डबी ते मोबाइलच्या नेटवर्कवरून पुढे पाठवते. मुलं जिथे टीव्ही बघतात तिथे ती लावा.

मुलांचे फोटो पाठवू नका, तशी परवानगी नाही. जे सांगायचं ते पत्राने सांगा. फोनवरचं बोलणं अहवालाला जोडता येत नाही.

ज्या गावात हालचाल सर्वांत जास्त वाढेल, तिथे मालिकेचा शेवटचा भाग चित्रित होईल. ज्या गावात काहीच वाढ दिसणार नाही, ते गाव अहवालातून वगळलं जाईल.

मी मालिका बघत नाही. मोजणाऱ्याने बघू नये, असं माझं मत आहे. तुलनेसाठी पंचविसावा पट्टा माझ्याकडे ठेवला आहे.

इफ्फत


कोऱ्हाळे बुद्रुक
९ ऑगस्ट

चि. इफ्फत,

रडत हुतीस. मी साक्षीदार हाय. तू काट्यावरनं उतराया बघत हुतीस आणि अय्युब म्हणत हुता, "थांब, काटा अजून स्थिर झाला न्हाय." बापानं काट्यावर बसवून ठेवलेली पोरगी आता आमाला मोजणार म्हंजे बरोबरच हाय.

खोकं पोचलं. त्याच गाडीनं आमच्या थोरल्या भावाच्या अविराजचंबी पार्सल आलं. त्याचा पणदऱ्याला गोठा हाय, गायींसाठी काय नवं मशीन मागवलंय. तो कधी घावत न्हाय म्हणून त्याचं पार्सल माझ्याच नावानं येतं. त्याचं त्याला दिलं, आपलं आपल्याला ठेवलं.

पट्टे चांगले हायत, पण लई दांडगे. मनगटाला बसंनात. कमरेला बांधले तर झकास बसले. शेरातली पोरं मनगटानं जाड असतील, आपल्याला काय.

टीव्ही आमच्या शेडमदी लावलाय, जिथं टोमॅटोची क्रेट भरतो तिथं. डबी वरच्या खिळ्याला. साडेसहाला चोवीस पोरं जमत्यात आणि चपळाबाई "बूड उचला, हला की जरा" म्हणली की शेडचा पत्रा वाजतो. आमची मंडळी म्हणत्यात, लेकरांच्या कार्यक्रमात असले शब्द शोभत न्हाईत. म्हणत्यात आणि स्वतः उचलत्यात.

सतरा नंबर माझी नात छकुली. अंगानं गुबगुबीत. शाळेत खेळाच्या तासाला तिला कायम बाकीच्यांच्या चपला राखायला बसवत्यात. आता ती लंगडी शिकतीय. तिनं जाहीर केलंय की शेवटचा भाग कोऱ्हाळ्यात हुणार आणि त्यात ती चपळाबाईला लंगडीत हरवणार. घरातल्या घरातबी लंगडीच घालती. ताटावर बसायला लंगडत येती. तवा तू नीट मोज, एवढंच मागणं.

अप्पा


वालचंदनगर
२० ऑगस्ट

आदरणीय अप्पा,

१९ तारखेपर्यंतच्या नोंदी आल्या. मला स्पष्ट लिहावं लागेल.

कोऱ्हाळ्याची मुलं दिवसाला सरासरी दोन हजार शंभर पावलं चालतात. बाकीच्या पाच गावांत हा आकडा अकरा हजारांच्या पुढे आहे. तुमची मुलं दिवसातले बारा ते तेरा तास आडवी असतात. मालिकेच्या बावीस मिनिटांत हालचाल जवळजवळ शून्य. उड्या शून्य.

एक गोष्ट मला कळली नाही. रोज पहाटे पाच वाजता सगळी मुलं एकदम उठतात आणि तासभर उभी राहतात. चालत नाहीत, नुसती उभी. संध्याकाळी पाचला पुन्हा तसंच. तुम्ही त्यांना रांगेत उभं करता का?

क्रमांक १७ विशेष चिंताजनक. चौदा तास आडवी.

क्रमांक ९ मात्र कौतुकास्पद. १९ तारखेला अकरा हजार पावलं, तीही एका दिवसात आणि बरीचशी गोल गोल. त्याचं अभिनंदन करावं, बाकीच्यांना उत्साह येईल.

इफ्फत


कोऱ्हाळे बुद्रुक
२४ ऑगस्ट

चि. इफ्फत,

आशीर्वाद शेवटी देतो, आधी भांडण.

शून्य म्हंजे? शेडच्या पत्र्याचे दोन नट निसटून पडले, ते काय हवेनं? परवा चोवीस पोरं एकाच दमात खाली आली तर शेजारच्या गेणूनं हाळी दिली, "अप्पा, बोअर मारताय का?"

पण तू शिकलेली, मशीन तुझं. म्हणलं, आपल्यातच काय कमी असंल. तू पहाटे पाचच्या रांगेचं लिहिलंस ते आधी ध्यानात आलं न्हाय. मग कळलं, की बाकीची गावं पोरं पाचला उभी करत असतील आणि आमी करत न्हाय, म्हणून तू आडून सुचवतीयस. परवापास्नं पाचला सगळी पोरं शेडापुढं रांगेत उभी. निम्मी उभ्या उभ्या झोपत्यात. आया मला शिव्या देत्यात, चेअरमन म्हणून मी त्या घेतो.

नऊ नंबर म्हंजे लखन. १९ तारखेला तो तापानं अंथरुणात हुता. तरी तुझं पत्र वाचून दाखवलं, टाळ्या वाजवल्या, नारळ दिला. त्यानं घेतला. त्याची आई म्हणाली, तापात बडबडत हुता खरा, चालला असंल.

छकुली चौदा तास आडवी हे मी तिला वाचून दाखवलं न्हाय. ती आत्ता, हे लिहिताना, माझ्या खाटंभोवती लंगडी घालतीय. सत्तावीस, अठ्ठावीस. तू सांग मी कुणावर इस्वास ठेवू.

आशीर्वाद.

अप्पा


वालचंदनगर
३ सप्टेंबर

आदरणीय अप्पा,

मी पट्ट्यांची जात आणि डबीचा क्रमांक पुन्हा तपासला. माझ्याकडचा पंचविसावा पट्टा अचूक चालतो. त्यामुळे उपकरणात दोष नाही.

पहाटे पाचची सूचना मी केली नव्हती, मी प्रश्न विचारला होता. शिवाय नोंदीत काहीच फरक पडलेला नाही. मुलं पाचला आधीही उभी होती, आताही उभी आहेत.

छकुलीबद्दल तुम्ही जे लिहिलं ते मला खोटं वाटत नाही. पण अहवालात मला वाटणं लिहायला रकाना नाही. या आठवड्यातही तिच्या नावावर एकही उडी नाही. काल दुपारी ती साडेतीन तास एका जागी बसून होती आणि फक्त एका लयीत किंचित हलत होती.

आजोबांचं नातीवर प्रेम असणं स्वाभाविक आहे.

माझं नाव असलेला हा पहिलाच अहवाल आहे. तो १८ तारखेला जाईल. कोऱ्हाळे बुद्रुक वगळावं, अशी शिफारस मी करते आहे. त्याआधी तुमच्याकडे लेखी काही असेल तर पाठवा.

इफ्फत


कोऱ्हाळे बुद्रुक
८ सप्टेंबर

चि. इफ्फत,

तुझं पत्र छकुलीच्या हाताला लागलं. वाचता येतं आता तिला, हीबी प्रगतीच. तिनं लंगडी बंद केली. पट्टा काढून माझ्या उशाशी ठेवला आणि म्हणाली, "आजोबा, मी मारते त्या उड्या नसत्यात का?" मी म्हणलं, "असत्यात, पण बाई लांब बसली हाय, दिसत न्हाईत." मग लई समजूत घातली तवा पट्टा परत बांधला. काल जेवायला साधी चालत आली. आमच्या घरात इतकं वाईट कुणालाच वाटलं नव्हतं.

लेखी द्यायला माझ्याकडं काय न्हाय. पत्रा वाजतो, एवढंच लेखी देतो.

जाऊ दे. दुसरीकडचं सांगतो, तेवढंच तुला हसू. मशीनचे दिवस सगळ्यांचेच वाईट हायत. आमच्या अविराजनं ते गायींचं घेतलं न्हाय का, तेबी पट्टेच निघाले, गायीच्या पायात बांधायचे. गाय माजावर आली की ती बसत न्हाय, गोल गोल फिरती, उड्या मारती. पट्टा ते वळखतो आणि अविराजच्या मोबाइलवर घंटी वाजती. मग डॉक्टरला बोलवून गाय भरवून घ्यायची. आता झालंय असं, की रोज संध्याकाळी साडेसहाला त्याच्या मोबाइलवर चोवीसच्या चोवीस गायी माजावर येत्यात. एकदम. सतरा नंबरची तर सगळ्यात जास्त. डॉक्टर पाच वेळा पळत आला. बघतो तर गायी बसून निवांत रवंथ करत्यात. पाचव्या खेपंला डॉक्टर अविराजला म्हणाला, "गायींना काय झालं न्हाय. तुमचं लगीन कधी हाय?"

आणि इकडं नऊ नंबरची गाय मागल्या महिन्यात खरंच माजावर आलती, तवा मोबाइल म्हणतोय ती झोपलीय, अंगात ताप हाय. गडी रडकुंडीला आलाय.

आता पंधरा दिवसांपास्नं पहाटे पाचलाबी घंटी वाजाया लागलीय.

अप्पा


वालचंदनगर
१० सप्टेंबर

आदरणीय अप्पा,

हे पत्र एसटीच्या कंडक्टरच्या हाती देते आहे. आजच वाचा.

अविराज यांच्या गोठ्यात आत्ता जा. त्यांच्या डबीच्या बुडाला एक क्रमांक आहे, तो लिहून घ्या. त्यांचे पट्टे गायींच्या पायांना नीट बसले होते का, ते विचारा. तुमच्या शेडमधल्या डबीच्या बुडाला काय लिहिलं आहे, तेही बघा.

बाकी काही करू नका. पट्टे काढू नका. छकुलीला काही सांगू नका. किंवा सांगा. तिला लंगडी चालू ठेवायला सांगा.

इफ्फत


कोऱ्हाळे बुद्रुक
१२ सप्टेंबर

चि. इफ्फत,

मी खुर्चीत बसून लिहितोय, कारण हसून हसून पाठीत उसण भरलीय.

पणदऱ्याला गेलो. अविराज म्हणाला, "अप्पा, पट्टे लई तोकडे आले, गायीच्या पायाला पुरंनात. म्हणून सुतळी जोडून बांधले." बघतो तर सतरा नंबरच्या गायीच्या पायात केशरी रंगाचा इवलासा पट्टा, त्यावर चपळाबाईचं चित्र. त्याला विचारलं, "आरं, हे चित्र कसलं?" म्हणाला, "मला वाटलं कंपनीची मालकीण."

डबीवर तुझा नंबर. मग आमच्या शेडात आलो. आमची डबी उलटी केली तर खाली गायीचं तोंड छापलेलं. सव्वा महिना ती डोक्यावर हुती, वर बघायला कुणाला सवड. पोरांच्या कमरेला गायींचे पट्टे, गायींच्या पायात पोरांचे. दोन्ही खोकी करडी, दोन्ही चोवीसाची, दोन्ही एकाच दुकानची, आणि दोन्हीवर नाव माझं. मी वजन करून दिली गं. म्हणलं जड असंल ते गायीचं. जड तुझंच हुतं, त्यात माहितीची पुस्तकं हुती, ती अविराजनं वाचली न्हाईत.

म्हंजे तू सव्वा महिना गायी मोजल्यास. पाचला रांगेत उभ्या राहत्यात कारण धार काढायची असती. लखनचा नारळ गायीला द्यायला पायजे, पण त्यानं फोडून खाल्ला.

छकुलीला सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "म्हंजे सगळ्यात जास्त मोबाइल माझाच वाजला?" म्हणलं, व्हय. आता परत ताटावर लंगडत येती.

पण पोरी, तुझ्या अहवालाचं काय? चूक माझी हाय, माझं नाव लिही. मी सही करतो.

अप्पा


वालचंदनगर
१६ सप्टेंबर

आदरणीय अप्पा,

चूक माझी. खोक्यावर मी क्रमांक लिहिला होता, 'मुलांसाठी' असं लिहिलं नव्हतं. काटा शून्यावर आहे का हे बघितल्याशिवाय अब्बा कधी वजन करत नाहीत. मी न बघता सव्वा महिना वजन केलं, वर तुम्हाला आजोबांच्या प्रेमाबद्दल शिकवलं. ते वाक्य मी परत घेते. अहवालात तुमचं नाव आहे, पण आभारांच्या पानावर.

अविराज यांनी त्यांच्या मोबाइलवरच्या सगळ्या नोंदी मला पाठवल्या. त्या मी तीन दिवस तपासल्या. गायींचे पट्टे आमच्या पट्ट्यांपेक्षा जास्त बारकाईने मोजतात, कारण माज चुकला तर गोठ्याचं तीन आठवड्यांचं नुकसान होतं. मुलं न हलल्याने असं कोणाचंच तातडीने बिघडत नाही, म्हणून आमचे स्वस्तातले.

पहिल्या संध्याकाळी साडेसहाला चोवीसपैकी नऊ मुलं उठली. दुसऱ्या आठवड्यात सतरा. २२ ऑगस्टपासून सगळी चोवीस. आता मालिका संपल्यावरही हालचाल थांबत नाही, सरासरी आणखी सव्वा तास चालू राहते. मालिका नसते त्या रविवारीही साडेसहाला मुलं उठतात. ही एक ओळ मी अहवालात ठळक केली आहे, कारण हे बाकीच्या पाच गावांत कुठेही झालेलं नाही.

क्रमांक १७: लंगडी, १० ऑगस्टला सलग चार उड्या. ३१ ऑगस्टला सलग एकशे बारा. ४ ते १० सप्टेंबर शून्य. या सात दिवसांचं कारण मला माहीत आहे. रकाना नव्हता, तो मी तयार केला आणि त्यात लिहिलं: 'मोजणाऱ्याची चूक'. ११ सप्टेंबरला सलग एकशे चाळीस.

निर्मात्यांनी विचारलं की गायींच्या यंत्रावर विश्वास कसा ठेवायचा. मी सांगितलं, पाच वेळा एक डॉक्टर त्यावर विश्वास ठेवून पळत आला आहे. त्यांनी ते मान्य केलं. शेवटचा भाग कोऱ्हाळ्यात होईल. ५ ऑक्टोबर.

गायींच्या नोंदींचे कागद सोबत जोडले आहेत. अविराज यांना धारेच्या वेळा आणि नऊ क्रमांकाच्या गायीची १९ तारीख उपयोगी पडेल. आमचे पट्टे परत करण्यापूर्वी कृपया धुवावेत.

इफ्फत


कोऱ्हाळे बुद्रुक
८ ऑक्टोबर

चि. इफ्फत,

तू आलीस तशी गेलीस, चहाबी अर्धाच घेतलास, म्हणून हे पत्र.

सगळं गाव शेडापुढं उड्या मारत हुतं. सरपंच हुते, आमची मंडळी हुत्या, डॉक्टर हुता, लखन तर नारळ घेऊनच आलता. अविराजनं सतरा नंबरची गाय आणली, तिच्या शिंगाला पिवळी रिबीन. आणि तू आपली कॅमेऱ्याच्या मागं वही घेऊन उभी, टिंबं काढत. मी म्हणलं, "पोरी, जरा हल की." तू म्हणालीस, "मी कामावर आहे, अप्पा."

लंगडीचं तू बघितलंसच, पण तुझ्या वहीत आकडाच असंल, म्हणून मी लिहितो. शेडापास्नं विहिरीपर्यंत आणि परत. चपळाबाई चांगली हाय, हसरी हाय, पण ते पिवळे बूट दिसायला हायत, लंगडीला न्हाईत. विहिरीपाशी तिचा पाय टेकला. छकुली वळून परत आली, तरी थांबंना. अविराजच्या गायीपर्यंत गेली, तिला हात लावला, मग थांबली. बाकीची पोरं वरडत पळाली आणि ह्या सगळ्यांच्या चपला एका रांगेत कोण लावत बसलं हुतं माहितीय? शाळेचे खेळाचे गुरुजी. कुणी सांगितलं न्हाय, आपणहून.

आता मुद्द्याचं. तू पाठवलेले कागद अविराजला द्यायच्या आधी छकुलीनं वाचले. तिला आता आकड्यांचा नाद लागलाय. मला म्हणाली, "आजोबा, संध्याकाळी साडेसहाला चोवीस गायी बसल्यात. एक नाचतीय. रोज. पहिल्या दिवसापास्नं."

मी चष्मा लावून बघितलं. पंचवीस नंबर.

पोरी, ती गाय कुणाची?

अप्पा


वालचंदनगर
११ ऑक्टोबर

आदरणीय अप्पा,

पंचविसावा पट्टा तुलनेसाठी होता, हे मी ४ ऑगस्टलाच लेखी कळवलं आहे. पट्टा अचूक चालतो की नाही हे बघायचं तर कोणीतरी रोज ठराविक वेळी, ठराविक प्रकारे हालचाल करणं आवश्यक होतं. साडेसहाची वेळ सोयीची होती. टीव्ही त्या वेळी माझ्यासोबत राहणाऱ्या माझ्या मावशी, लैला खालाच चालू करतात, त्यांच्या बातम्यांसाठी. वाहिनी कोणती असते याकडे मी लक्ष दिलेलं नाही.

खालच्या क्वार्टरमधल्या सोपानकाकांनी दोनदा तक्रार केली. पहिल्या वेळी त्यांनी विचारलं, वर गिरणी बसवली का. दुसऱ्या वेळी ते वर आले, दारात दोन मिनिटं उभे राहिले आणि खाली गेले. गेल्या आठवड्यापासून साडेसहाला खालूनही आवाज येतो. त्यांच्याकडे पट्टा नाही, त्यामुळे मी याची नोंद करू शकत नाही.

छकुलीने कागद अचूक वाचला. तिला माझ्याकडून शाबासकी सांगा. चोवीस आकड्यांत वेगळा पडलेला एक आकडा मला दोन महिने दिसला नाही.

तिला एक विचारा. उजव्या पायावर माझ्या सलग ऐंशी होतात, डाव्यावर अकराच्या पुढे तोल जातो. यावर तिच्याकडे काही उपाय आहे का? रविवारी सकाळच्या गाडीने येते. चहा पूर्ण घेईन. वही आणणार नाही.

इफ्फत